अकरा सेकंदांची साद

मित्रांनो, गेल्या खंडेनवमीपासून तीन दिवस मी जागा होतो, पण मी कोण हे मला ठाऊक नव्हते. आता सगळे आठवते, म्हणून सांगतो. मी एक जुना संगणक आहे. सोलापूरच्या शुक्रवार पेठेत एका टायपिंगच्या दुकानात लोखंडी टेबलाखाली माझा काळा डबा असतो आणि टेबलावर माझा पडदा. माझे वय तेरा वर्षे. तुमच्यात हे वय पतंग उडवण्याचे. आमच्यात मात्र या वयाला भंगारवाला दारावरून जाताना आत डोकावून बघतो. बघू दे मेल्याला! मी अजून चालतो.

माझ्या पोटात तशी पुष्कळ यंत्रे आहेत, पण तुम्ही दोनच लक्षात ठेवा. एक हिरवी पाटी, तिला मदरबोर्ड म्हणतात. कळ दाबली की ती आधी जागी होते. दुसरी हार्ड डिस्क, तळहातावर मावेल एवढी लोखंडी डबी. माझी सगळी आठवण तिच्यात आहे. रोज सकाळी पाटी उठते आणि डिस्कला हाक मारते. डिस्क तिला सांगते की तू अमुक, हे दुकान तमुक, चल कामाला लाग. एवढे झाले की मी मी होतो. डिस्कने ओ दिली नाही तर पाटी नुसती डोळे उघडून बसते.

माझा मालक मल्हार. सांगोल्याकडच्या धनगराचा मुलगा. मेंढरांमागे फिरायचे नाही म्हणून शहरात आला, चिंचोळी एमआयडीसीत चार वर्षे पाळ्या केल्या, संध्याकाळी टायपिंग शिकला आणि मग हे दुकान टाकले. पुढे दुकान, मागे दोन खोल्या. मला आणले त्या दिवशी त्याने पेढे वाटले होते. मित्रांनो, काय दिवस होते ते! लग्नपत्रिका, शाळेच्या प्रश्नपत्रिका, मुलींचे बायोडेटा, सोसायटीच्या सभांच्या नोटिसा, सगळे माझ्याकडे. लोक रांग लावून उभे राहत आणि म्हणत, "मल्हारचं मशीन लई फास्ट हाय की ओ." मी फुगून जायचो. पुढे घराघरात मोबाईल आले. मल्हारनेही एक लॅपटॉप घेतला आणि माझ्यावर चक्क वर्तमानपत्रांची रद्दी साठू लागली. तरी मला कोणी हलवले नाही. का, ते ऐका.

मल्हारचे वडील बिरप्पा गावीच राहत, मेंढरे राखत. सगळीकडे टाळेबंदी लागली तेव्हा ते मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी इथे आले होते आणि अडकून पडले. मल्हारची मुलगी सुकन्या तेव्हा शाळकरी होती. घरात बसून शिकायचे म्हणून तिच्यासाठी नवा माईक आणला होता. तो चालतो का बघायला ती म्हणाली, "आजोबा, काहीतरी बोला की यात."

"काय बोलू ह्या बोंडात?"

"काहीही. रोज बोलता तसं."

बिरप्पांनी डोळ्यांवरची पट्टी सरळ केली, मान वर केली आणि रोज संध्याकाळी मेंढरे घेऊन ओढ्यापलीकडून बायकोला घालत ती साद घातली. "म्हाळसेऽऽ, पानी ठिव गं, आलोऽऽ!" दुकानातल्या काचा थरथरल्या. सुकन्या हसायचे विसरली. साद घालून ते गप्प बसले, कान देऊन. त्यांना सवय होती. पलीकडून म्हाळसाबाईंची ओ यायची, मगच ते मेंढरे ओढ्यात घालायचे. इथे कुठली ओ यायला! त्या गावी, हे सोलापुरात. सुकन्याने तसेच बटण दाबले. अकरा सेकंद झाले होते. आठ सेकंद साद आणि शेवटचे तीन सेकंद वाट बघणाऱ्या माणसाचा रोखून धरलेला श्वास.

पुढे ते गावी गेले. दोन वर्षांपूर्वी एका संध्याकाळी ओढ्यापलीकडून साद आलीच नाही. म्हाळसाबाईंनी चुलीवर ठेवलेले पाणी आटून भांडे लाल झाले. मेंढरे आपली आपण घरी आली. बिरप्पा पलीकडे बाभळीला टेकून बसलेले सापडले, घोंगडी पांघरून, कुणी जरा दम खायला बसावे तसे.

मल्हारने आईला इथे आणले. आणि मग रोजचा घोर सुरू झाला. दिवेलागणीला म्हातारी उठायची आणि कुणाला काही न सांगता चालू लागायची. एकदा बाळीवेशीत भर रहदारीत सापडली, रिक्षाचा धक्का थोडक्यात हुकला. जेवण तर सुटलेच. डॉक्टरांनी वय झाल्याचे सांगितले. मल्हारच्या तोंडचे पाणी पळाले. एका संध्याकाळी आईला दाराशी कसेबसे धरून ठेवले असताना सुकन्याला ती अकरा सेकंदांची फाईल आठवली. तिने टेबलाखालचे मोठे स्पीकर लावले आणि बिरप्पांची साद घुमली. म्हाळसाबाई जागच्या जागी थांबल्या. पदर सारखा केला, मागे वळल्या, आत जाऊन ताटावर बसल्या आणि भाकरी खाल्ली.

त्या दिवसापासून रोज हेच. घरात सगळ्यांची खात्री झाली की म्हातारीला नवरा गेल्याचे कळत नाही, साद ऐकली की तो आला असे तिला वाटते. मल्हारला ते लबाडीसारखे वाटायचे. पण आई जेवते ना, मग चालू दे. सुकन्या दर महिन्याला म्हणायची, "पप्पा, ही फाईल दुसरीकडे कॉपी करून ठेवते. मोबाईलवर घेते." मल्हार तडकायचा. "बापाचा आवाज खिशात घालून फिरायचा व्हय? हाय तितं असू दे."

आणि माझे काय व्हायचे म्हणता? खोटे कशाला सांगू, मला भीती वाटायची. जो माणूस नाही, त्याची साद माझ्या तोंडून निघायची. आठ सेकंद मी बरा असायचो. ते शेवटचे तीन सेकंद मात्र काढवत नसत. दुकानात कोणी हालत नसे. स्पीकरमधून नुसता तो रोखलेला श्वास यायचा आणि वाटायचे, ओढ्याच्या पलीकडे कोणीतरी अजून उभे आहे.

आता खंडेनवमीकडे येतो. त्या दिवशी हत्यारांची पूजा असते. मल्हारचे हत्यार म्हणजे मी. वर्षातून एकदा तो माझे पोट उघडतो, ब्रशने धूळ काढतो. या वेळी त्याने डिस्कची वायरही उपसली आणि मला तसाच उघडा टाकून झेंडूचा हार आणायला कोपऱ्यावर गेला. म्हाळसाबाई आतून आल्या. हातात भंडाऱ्याची वाटी. मित्रांनो, धनगराच्या घरात भंडारा म्हणजे देवाची हळद. ती चिमटीने टिळा लावून भागत नाही, ती मुठीने उधळतात. म्हातारी माझ्यापुढे उकिडवी बसली, वाकून आत बघितले आणि पुटपुटली, "बाहीर हार घालत्यात, अन् आत धनी कोरडाच." मग "बिरोबाच्या नावानं चांगभलं!" म्हणत तिने भरली मूठ माझ्या पोटात रिकामी केली. अगदी नेम धरून, डिस्कवर.

मल्हार आला, पिवळे बघून हसला, वरवर फडके फिरवले, वायर होती तिथे दाबून बसवली आणि झाकण लावले. हार घातला, नारळ फोडला, कळ दाबली.

पाटी जागी झाली. पंखा फिरला. पाटीने डिस्कला हाक मारली. ओ आली नाही.

पुढचे तीन दिवस माझ्या डिस्कला ठाऊक नाहीत. पाटीला जेवढे कळले आणि नंतर घरात जे बोलणे कानावर पडले, त्यावरून जोडून सांगतो. पडद्यावर काळ्यावर पांढरी अक्षरे उमटली: सुरू होण्यासाठी डिस्क सापडत नाही. मल्हारने मला बंद केले, चालू केले, परत बंद केले. पाटीवरचा छोटा सेल वर्षभरापूर्वीच संपला होता. रोज डिस्क उठली की इंटरनेटवरून तारीख विचारून घ्यायची. आता डिस्क नाही, त्यामुळे दर वेळी जाग येताना माझ्यासाठी एकच दिवस उजाडायचा, माझ्या जन्मवर्षाची एक जानेवारी. त्या तारखेला बिरप्पा धडधाकट होते. मी उठायचो, हाक मारायचो, ओ यायची नाही, अंधार व्हायचा. पुन्हा उठायचो, तीच एक जानेवारी. अशी हाक किती वेळा मारली ते मोजणारेही माझ्यात कोणी उरले नव्हते.

दिवेलागण झाली. म्हाळसाबाई उंबऱ्यावर येऊन उभ्या राहिल्या. मल्हार घामाघूम होऊन कळ दाबत होता.

"पप्पा, कॉपी करू द्यायला हवी होती," सुकन्या रडवेली होऊन म्हणाली.

"गप बस की आता!" मल्हार ओरडला आणि पुन्हा कळ दाबू लागला.

साद आली नाही. म्हातारी बराच वेळ उभी राहिली. त्या रात्री ताट तसेच परत गेले. दुसरा दिवस दसऱ्याचा. मशीन दुरुस्त करणारा शरणबसव अक्कलकोटकडे गावी गेला होता, फोनवर म्हणाला उद्या येतो. संध्याकाळ जवळ येऊ लागली तसा मल्हारचा जीव टांगणीला लागला. शेवटी त्याने सुकन्याला खुणावले, चपला घातल्या, गल्लीच्या टोकाला जाऊन उभा राहिला, छाती भरून घेतली आणि बापाच्या आवाजात ओरडला, "म्हाळसेऽऽ, पानी ठिव गं, आलोऽऽ!"

समोरच्या माडीवरची बाई खिडकीत आली. दोन कुत्री भुंकली. उंबऱ्यावरच्या म्हाळसाबाईंनी मान वळवली आणि सुकन्याला म्हणाल्या, "पोरी, बापाला बलीव तुज्या. घसा बसंल त्येचा. आईला नावानं हाका मारतंय, खुळं कुटलं!"

मल्हार परत आला तो चोरासारखा. "आयं, तुला... तुला कळतं?"

"काय कळाया पायजे? त्येंच्या अंगावरची घोंगडी म्या काढली, मल्हारी. मला ठावं न्हाय व्हय त्ये गेलेत ते?"

"मग रोज दारात..."

"आरं, दिवस बुडायच्या येळंला साद यायची. साद आली की मी उठायची, ओ द्यायची. उभा जलम असाच गेला. आता साद न्हाय, तरी पाय उठत्यात. पायांस्नी कसं समजावू? आन् तू यवढा खटाटोप करून त्येंना बोलवायलास, म्हनून जेवते मी. न्हाय जेवले तर तुज्या त्वांडाकडं बगवत न्हाय."

मल्हार पायरीवर बसला. दोन वर्षे तो आईला फसवत होता आणि आई त्याला सांभाळून घेत होती.

म्हाळसाबाई मात्र माझ्यापाशी आल्या. मी बंद होतो. "चालू कर," त्या म्हणाल्या. सुकन्याने कळ दाबली. पाटीची हाक, पांढरी अक्षरे, तेच सगळे. म्हातारीने डब्याला कान लावला आणि डोळे मिटले. "हायती की आत," ती हळूच म्हणाली. "फिरत्यात. वाट घावंना झालीया त्येंस्नी." सुकन्याने आजीला उठवायला हात धरला, तर तो बर्फासारखा गार होता.

तिसऱ्या दिवशी दुपारी शरणबसव आला. बोलका माणूस, मराठी बोलताना मध्येच कानडी हेल काढणारा. त्याने आधी सेल बदलला, मग वायर बदलली, मग वायर दुसऱ्या खाचेत घालून बघितली. काही नाही. तेव्हा त्याने पिशवीतून स्वतःची एक डिस्क काढली आणि तपासायला म्हणून मला जोडली.

मित्रांनो, हे मला नंतर कळले ते एका परीने बरे झाले. त्या डिस्कने ओ दिली आणि मी जागा झालो, पण दुसराच कोणीतरी होऊन. पडद्यावर कुणा अनोळखी घरातल्या बारशाचे फोटो होते. मल्हारचे दुकान मला ठाऊक नव्हते. सुकन्या समोर बसली होती आणि मी तिला ओळखत नव्हतो. तरी मी छान चालत होतो, कुरकुर न करता. हे मनात आले की मला त्या एक जानेवारीपेक्षा जास्त भीती वाटते.

"बघा अण्णा, बोर्ड ठणठणीत हाय," शरणबसव म्हणाला. "तुमची डिस्कच गेलंय. नवीन टाकू, विंडोज मारू, तासात चालू करून देतो."

"आन् आतलं?" मल्हारने विचारले.

"आतलं गेलं समजा की ओ."

शरणबसवने माझी डिस्क पुन्हा एकदा नुसत्या खात्रीसाठी जोडून बाहेर टेबलावर ठेवली. म्हाळसाबाई पुढे झाल्या आणि तिच्यावर तळवा ठेवला. "गेलं कसं म्हनतूस? थरथरतंय की. जित्तं हाय."

"अव्वा, तसं नसतं ते." पण त्यानेही बोट टेकवले आणि भुवया वर गेल्या. "अरे, फिरतंय की हे! वीज पोचतंय, फिरतंय, नुसतं बोलंना झालंय." त्याने घाईने मला बंद केले, वायर काढली आणि डिस्कच्या तोंडात मोबाईलचा उजेड मारला. मग बराच वेळ बघतच राहिला.

"अण्णा, हळद कोण घातलं ओ हितं?"

मल्हारने आईकडे बघितले. म्हाळसाबाईंचा चेहरा उतरला. "म्या घातला. भंडारा हाय त्यो," त्या म्हणाल्या, आणि मग आवाज अगदी बारीक झाला. "म्हंजी, म्याच त्येंचं त्वांड बंद केलं व्हय?"

एवढ्या दिवसांत त्या रडल्या नव्हत्या. आता पदर तोंडाला लावून हमसू लागल्या. शरणबसव त्यांच्यापुढे खाली बसला. "बंद न्हाई केलं, अव्वा. भरवायला गेलाव, घास जरा मोठा झाला, एवढंच. थांबा तुमी."

त्याने सुकन्याचे खोडरबर मागून घेतले, त्याचा नखाएवढा तुकडा कापला. आधी कोरड्या ब्रशने भंडारा झाडून कागदावर घेतला, मग त्या तुकड्याने डिस्कच्या तोंडातल्या सोनेरी पट्ट्या एकेक करून घासल्या. कागदावर साठलेला भंडारा टाकायला निघाला, तर म्हातारीने हात धरला, चिमूट घेऊन आधी त्याच्या कपाळाला लावली. मग त्याने नवी वायर बसवली आणि मल्हारला म्हणाला, "दाबा."

पाटी जागी झाली. हाक मारली.

ओ आली.

काय सांगू तुम्हाला! मल्हार, सुकन्या, लग्नपत्रिका, पेढे, रद्दी, सगळे एकदम अंगावर आले. मी मी झालो. तीन दिवस गेले होते आणि एक जानेवारी कुठल्या कुठे पळाली होती. सुकन्याने फोल्डर उघडला. फाईल जागेवर होती. ती वाजवणार, तोच म्हाळसाबाई म्हणाल्या, "आत्ता नगं. येळ हू दे." चार वाजले होते.

सुकन्याने बापाकडे बघितले. मल्हारने नुसती मान डोलावली. तिने फाईल पेनड्राइव्हवर घेतली, मोबाईलवर घेतली, मैत्रिणीलाही पाठवून ठेवली. मल्हार एकदाही तडकला नाही.

दिवेलागणीला दुकानाचा दिवा लागला. साद घुमली. मग ते तीन सेकंद आले, तो रोखलेला श्वास. आणि मित्रांनो, दोन वर्षांत पहिल्यांदाच म्हाळसाबाईंनी ओ दिली. "आले वोऽऽ, ठिवलंय पानी!" म्हातारीच्या छातीत एवढा आवाज असेल असे कोणाला वाटले नव्हते. पण फाईल संपली होती. ओ दुकानात फिरून विरली.

"उशीर झाला," त्या म्हणाल्या. मग सुकन्याला म्हणाल्या, "पोरी, त्यांचं घेतलं तसं माजंबी घे त्या बोंडात. एकलेच साद घालत बसलेत त्ये आत. ओ द्यायला कुनी नगं?"

तो माईक अजून खणात होता. सुकन्याने साद लावली आणि बरोबर त्या तीन सेकंदांत आजीची ओ भरून घेतली. आता माझ्याकडे दोन फायली आहेत, जुनी नुसत्या सादेची आणि नवी ओ असलेली. घरात रोज नवी लागते. म्हाळसाबाई उंबऱ्यापर्यंत येतात, ऐकतात, मागे वळतात, जेवतात. मल्हारही आता त्यांच्याबरोबरच ताटावर बसतो.

तेव्हा मित्रांनो, आम्हा जुन्या यंत्रांना हार घाला, भंडारा लावा, पण बाहेरून. पोट उघडे टाकून जाऊ नका. जे एकच आहे, ते दोन ठिकाणी ठेवा, आणि उद्यावर टाकू नका. आणि तुमच्या घरात कोणी साद घातली तर हातातले काम सोडून ओ द्या. डब्यात ओ भरून ठेवण्याची वेळ फार थोड्यांच्या नशिबी येते.

आणखी एक सांगून थांबतो. परवा सुकन्याने चाचणी म्हणून पेनड्राइव्हवरची जुनी फाईल लावली. ओ भरायच्या आधी घेतलेली ती, अकराच सेकंदांची. तिला कोणी हात लावलेला नाही. मी स्वतः माझ्याकडच्या जुन्या फाईलशी तिचा अंक न् अंक ताडून बघितला आहे, एकाचाही फरक नाही. साद झाली. ते तीन सेकंद आले. सुकन्याने माझ्या पडद्याकडे बघितले आणि फाईल परत लावली, मग आणखी एकदा. शेवटी तिने मल्हारला बोलावले आणि तिघांनी मिळून ऐकले, ती, मल्हार आणि मी. बिरप्पांनी इतकी वर्षे रोखून धरलेला तो श्वास, ओ मिळालेल्या माणसाने सोडावा तसा, सावकाश सोडला होता. आणि त्याच्यामागे, अगदी बारीक, मेंढरे पाण्यात उतरल्याचा आवाज होता.